मुठीवरची लाल रेघ

मी एक पक्कड बोलतेय. बोलताना जबडा थोडा करकरतो, तेवढं सांभाळून घ्या, वय झालंय. सध्या माझा मुक्काम शिरूर अनंतपाळच्या एका स्वयंपाकघरात, शेगडीशेजारच्या खिळ्यावर असतो. अंगावर कव्हर नाही, दोन्ही दांडे उघडे. पण माझी कीव करू नका. माझ्या हातून एक चूक झाली होती, एका माणसाच्या जिवावर बेतेल अशी. ती सांगून टाकली की मी मोकळी.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं, एवढं आठवतं. मग दोन्ही दांड्यांवर जाड पिवळं कव्हर चढवलं आणि त्यावर ‘हजार व्होल्ट’ असा छाप उठवला. जन्मल्याबरोबर एवढी मोठी जबाबदारी अंगावर लिहून मिळाली. त्याचा मला फार तोरा होता.

तिथून आले ती लातूरला, गंजगोलाईजवळच्या मृत्युंजयअप्पांच्या हार्डवेअरच्या दुकानात. तिथं खुंटीवर लटकून मी माणसं पुष्कळ पाहिली. कुणी नुसता रंग बघायचा. कुणी कानाशी धरून दोनदा कटकट वाजवायचा आणि फार कळल्यासारखी मान हलवायचा. कुणी अप्पांनाच विचारायचा, “टिकंल का?” जणू अप्पा नाही म्हणणार होते!

एक दिवस किशनराव आले. वायरमनचं लायसन नुकतंच हातात पडलेलं, शर्टाची घडीसुद्धा न मोडलेली.

“अप्पा, ह्या साऱ्या पकडी खाली काढा.”

“साऱ्या? पक्कड घेऊन राहिलाव का सोयरीक जमवून राहिलाव?”

“सोयरिकीला बी एवढं बघितलं न्हवतं,” किशनराव म्हणाले आणि त्यांनी आम्हा बाराजणींना फळीवर ओळीनं मांडलं.

एकेकीचा जबडा मिटून ते दाराच्या उजेडाला धरत. जिच्या धारेतून उजेडाची फट दिसली ती बाद. मग दांडे सैल सोडत. जी अडकून बसली तीही बाद आणि जी दोन्ही दांडे जोडणाऱ्या खिळ्यात डावीउजवीकडं डुलली तीही बाद. तांब्याच्या तारेतला एकच बारीक धागा काढून त्यांनी धारेच्या मुळाशी, मध्ये आणि टोकाशी असा तीन जागी कापून पाहिला. कापला तर ठीक, चेपला तर ‘ठेवा परत’. शेवटी कव्हर. ते मुठीवर फिरतं का, पातळ रंगासारखं नुसतं बुडवून काढलंय का, बोट घसरून लोखंडाला लागू नये म्हणून पुढं उंच कड आहे का, सगळं अंगठ्यानं चाचपून पाहिलं. अप्पांनी तोवर दोन गिऱ्हाइकं वाटेला लावली. बाराजणींतून मी एकटी उरले.

“ही इजेच्या कामाला,” किशनराव म्हणाले. “आता लोखंडाच्या कामाला साध्या मुठीची एक द्या. जिनं वीज धरायची तिनं खिळे उपटायचे न्हाईत.”

हा नियम त्यांनी चौदा वर्षं पाळला. नटाला पाना, खिळ्याला हातोडी, तारेला पक्कड. एकदा त्यांच्या मेव्हण्यानं मला घेऊन भिंतीतला खिळा उपटला, तर तीन दिवस त्याच्याशी अबोला धरला. तेव्हापासून घरात हुकूमच सुटला की दारामागच्या हत्यारांच्या पिशवीला कुणी हात लावायचा नाही.

ती चौदा वर्षं सुखाची गेली. बोअरच्या मोटारी, स्टार्टर, पिठाच्या गिरण्या, लग्नाच्या मांडवातल्या माळा, सगळीकडं मी त्यांच्या मुठीत. किशनराव मेन बंद केल्याशिवाय तारेला हात लावत नसत. पण बंद केलेली मेन कोण, कधी, कशाला चालू करील याचा काय नेम? अशा वेळी माणूस आणि वीज यांच्यामध्ये उरतं ते फक्त माझं कव्हर. म्हणून पहिली काही वर्षं रोज सकाळी निघताना ते माझ्या मुठीवरून अंगठा फिरवून बघत. पुढं तो एक दिवसाआड फिरू लागला, मग आठवड्यानं. चष्मा लागला तेव्हापासून तर मी पिशवीतून थेट कामावर. घेताना ज्यानं मला इतकं पारखलं, त्यानं घेतल्यावर बघणं सोडलं. त्यांना दोष देत नाही, सवयीच्या वस्तूचं असंच होतं.

मागच्या उन्हाळ्यात घरातली सांडशी कुठल्याशा लग्नाच्या भांड्यांबरोबर गेली ती परत आलीच नाही. किशनरावांची बायको गुणाबाई पदरानं भगुणी उतरवून बेजार झाली. दुपारी जेवून किशनराव पडले होते, चहा उतू चालला होता आणि पिशवीच्या तोंडातून माझी पिवळी मूठ डोकावत होती. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मला उचललं.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. जन्मभर तारा चावल्या, आता आल्याचा आणि दुधाचा वास! किशनराव घरी असले की दुपारी चारच्या सुमारास मी चोरून स्वयंपाकघरात जायची आणि ते उठायच्या आत पिशवीत परत. जाळ भगुण्याच्या बाजूनं वर येऊन माझ्या मुठीला लागायचा. कव्हर आधी मऊ पडलं, मग कडक झालं. आपलं काहीतरी बिघडतंय हे मला कळत होतं. पण लाडात आलेल्याला शहाणपण कुठून सुचणार!

एकदा किशनरावांनी मला नाकाशी धरलं.

“अगं, ह्या पकडीला दुधाचा वास कसा काय?”

“मला काय ठाव?” गुणाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. “मांजर फिरली असंल.”

किशनरावांनी मला पुसलं आणि बिचाऱ्या मांजरीला चार शिव्या घातल्या. मी आणि गुणाबाई दोघी गप्प.

मग खंडेनवमी आली. किशनरावांनी सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली. पाने, टेस्टर, हातोडी आणि मधोमध मी. गुणाबाईनं कुंकू पाण्यात कालवून प्रत्येकाला बोट लावलं. मला जरा जास्तच लावलं, मैत्रीण ना! झेंडूची फुलं वाहिली. त्या दिवशी हत्याराला सुट्टी असते. पाटावर बसून मी ऐकत होते.

“परवा अण्णारावाच्या रानात जायचं हाय,” किशनराव सांगत होते. “बोअरची केबल जागजागी जळलीया. तुकडे काढून नवी जोडायची.”

दुसऱ्या दिवशी दसरा. किशनराव सकाळीच गावाकडं शेतातल्या देवाला नारळ फोडायला गेले. गुणाबाईनं हत्यारं पाटावरून उचलली आणि एकेक पुसून पिशवीत टाकू लागली. मला पुसलं. कुंकू निघालं, पण माझ्या डाव्या मुठीवर, अंगठा टेकतो तिथं, केसाएवढी एक लाल रेघ राहिली. तिनं फडकं ओलं करून पुन्हा पुसलं. रेघ तशीच. नख लावून पाहिलं, तर नख आत गेलं.

ती तिथंच खाली बसली. चौदा वर्षं वायरमनच्या घरात काढल्यावर कव्हरला तडा गेला म्हणजे काय, हे कुणी सांगायची गरज नव्हती. कशानं गेला हेही तिला ठाऊक होतं. बराच वेळ तिनं मला मांडीवर धरून ठेवलं. मग मला रुमालात गुंडाळलं, शेजारच्या केवळाबाईला “लातूरला जाऊन येते, सोनं द्यायला” असं सांगितलं आणि एसटीत बसली. वाटभर तिचा हात रुमालावरच होता.

चौदा वर्षांनी मी पुन्हा अप्पांच्या दुकानात आले. दाराला आंब्याचं तोरण, आत गर्दी. गुणाबाईनं मला फळीवर ठेवलं.

“अप्पा, हिच्यावर टेप गुंडाळली तर चालंल का?”

अप्पांनी चष्मा वर केला, मला वाकवून पाहिलं आणि म्हणाले, “चालंल की. आज चालंल, उद्या बी चालंल. परवाचं मी सांगत न्हाई.”

गुणाबाईनं मला बाजूला सारलं.

“मग नव्या दाखवा. साऱ्या काढा खाली.”

“मालकासारकंच बोलून राहिलाव की,” अप्पा हसले, पण पकडी काढल्या.

ती एकेकीला उजेडाला धरू लागली, दांडे सैल सोडून पाहू लागली. हे सगळं तिनं नवऱ्याच्या तोंडून जेवताना इतक्यांदा ऐकलं होतं की कंटाळून पाठ झालं होतं. तांब्याचा धागा तिच्याजवळ नव्हता. तिनं अंबाड्यातला एक केस उपटला, अर्धा काळा, अर्धा पांढरा, आणि मुळाशी, मध्ये, टोकाशी तीन जागी कापून पाहिला. पहिलीत केस नुसता दुमडला. दुसरीची मूठ फिरली. अप्पांचं हसू एव्हाना थांबलं होतं. आत जाऊन त्यांनी आणखी एक पक्कड आणून तिच्यापुढं ठेवली. तिसऱ्या जागीही केस तुटला तेव्हा गुणाबाईनं ती पदरात घेतली. मला मत्सर वाटला नाही असं म्हणणार नाही.

संध्याकाळी किशनराव आपट्याची पानं घेऊन आले. ओसरीवर पाट, पाटावर आम्ही दोघी शेजारी शेजारी.

“ही कुणाची?”

“तुमची. आज घेतली.”

“माझी हाय की.”

“तिला तडा गेलाय.”

किशनरावांनी मला दारातल्या उजेडात नेलं, चष्मा पुसला आणि मूठ वाकवली. लाल रेघ उघडली आणि आतलं काळं लोखंड दिसलं.

“कशानं झालं हे?”

“सांडशी न्हवती. च्याचं भगुणं उतरवत व्हते हिनं. उन्हाळ्यापासनं.”

“आन ती मांजर?”

“मांजर मीच.”

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. एका खिळ्यापायी ज्यानं तीन दिवस अबोला धरला, तो आता काय करील! किशनराव पायरीवर बसले.

“मी रोज हिला हातात धरतो,” ते हळू म्हणाले. “मला दिसला न्हाई. तुला दिसला.”

“मला बी दिसला नसता. कुंकवानं दावला.”

“सांगाया भ्याली न्हाईस?”

“भ्याले की! लई भ्याले. पर उद्या तुमाला अण्णारावाच्या रानात जायचंय.”

किशनरावांनी ब्लेड काढलं आणि माझी दोन्ही कव्हरं उभी चिरून सोलून काढली. राग माझ्यावर काढतायत असं मला वाटलं. तसं नव्हतं.

“कव्हर दिसलं की माणूस भरवसा टाकतो,” ते म्हणाले. “उघड्या लोखंडावर कुणी टाकत न्हाई. घे, ही आता तुझी सांडशी. फडकं धरून वापर. पर माझ्या पिशवीला हात लावू नगं.”

“न्हाई लावत.”

“लाव,” ते ब्लेड पुसत म्हणाले. “बघायापुरता लाव.”

दुसऱ्या दिवशी मी खिळ्यावर होते. रानातलं ऐकलं तेवढं सांगते. रानातल्या कामावरून एरवी अंधार पडल्यावर येणारे किशनराव तीन वाजताच घरी आले. गुडघ्यापर्यंत चिखल. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसले आणि नवी पक्कड त्यांनी जमिनीवर ठेवली. तिच्या धारेत तुरीच्या डाळीएवढा खड्डा पडला होता, कडा काळ्या जळलेल्या.

“मेन मीच बंद केली व्हती,” ते म्हणाले. “अण्णारावाच्या गड्याला वाटलं काम झालं, त्यानं चालू केली. मी केबल कापून राहिलो व्हतो. खाली चिखल. भडका उडाला बघ, डोळ्यापुढं अंधारी आली.”

“आन हात?” गुणाबाईनं विचारलं.

त्यांनी तळवा पुढं केला. ती कितीतरी वेळ त्याकडं बघत राहिली. बोटंसुद्धा मोजली असतील. मग उठून तिनं चहा ठेवला. उतरवताना तिची नजर अजून त्या तळव्यावरच होती, भगुणं कलंडलंच असतं. होता नव्हता तेवढा जोर लावून मी ते धरून ठेवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा या स्वयंपाकघरात आपलं काही काम आहे असं वाटलं.

“अजून अर्धा कप हाय का?” किशनराव म्हणाले. होता.

तर अशी मी. तुमच्याही घरात, टेबलाच्या खणात नाहीतर गाडीच्या डिकीत माझी एखादी बहीण पडली असेल. घेताना तिला उजेडाला धरा, खिळा बघा, मूठ चाचपा, सगळं करा. पण तेवढ्यावर थांबू नका. घेतल्यावरही अधूनमधून बघत जा, एवढीच विनंती. आम्हाला तडा गेला तर आम्ही ओरडत नाही.

आता रोज सकाळी किशनराव चपला घालेपर्यंत गुणाबाई नव्या पकडीच्या दोन्ही मुठींना ओलं कुंकू लावते आणि फडक्यानं पुसून काढते. परवा केवळाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, “अगं बाई, लावलेलं कुंकू असं पुसू नये. अपशकून असतो.”

“पुसल्याबिगर कळत न्हाई, केवळाक्का,” गुणाबाई म्हणाली. मग तिनं मूठ दाराच्या उजेडात फिरवून पाहिली. पिवळं कव्हर सगळीकडून कोरं होतं. तेव्हा कुठं तिनं पक्कड नवऱ्याच्या हातात दिली.