मधुकररावांची गाठ

मधुकरराव गेले त्याच्या सोळाव्या दिवशी दुपारी त्यांचा मोबाईल वाजला. बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं, आत कूलर घरघरत होता, आणि देवाजवळच्या फळीवर तो जुना फोन असा थरथरत होता, जणू मालक आंघोळीला गेलाय, आत्ता येईल. त्यांच्या मुलाने, सुशीलने, उचलला.

"काका, मी नीला बोलून राहिली. मागच्या गल्लीतली, कृष्णकांतची पोरगी. आमचे बाबा गेले जी आत्ता. तुमी येता का?"

नीला कळमेश्वरला सासरी होती, सकाळीच धावत आलेली. बिचारीला कोणी सांगितलंच नव्हतं, की ज्याला ती बोलावतेय तोही याच महिन्यात गेला. सुशीलच्या ओठांवर ते आलं होतं. बाहेर पडलं ते एवढंच, "येतो."

आणि मग तो त्या फोनकडे पाहत राहिला. येतो म्हणालो खरं, पण येतं काय आपल्याला?

मधुकरराव सिंचन खात्यात कारकून होते, गुरुवारच्या भजनात टाळ धरत. पण नंदनवन वस्तीत त्यांना ओळखत ते तिरडीसाठी. कोणाच्या घरी माणूस गेला, की डॉक्टरच्या कागदाआधी यांना फोन. दाराआडच्या खुंटीवर त्यांची कापडी पिशवी कायम भरलेली असे: सुतळीची गुंडी, विळा, कापूस. जेवते ताट झाकून उठत. त्या घरचा चहासुद्धा घेत नसत. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, वर भाताचं तणीस, वर पांढरं कापड. आणि प्रत्येक गाठीला तोंडात रामकृष्णहरी. परतले की अंगणातल्या नळाखाली आंघोळ, आणि ओल्या केसांनीच पोरांमध्ये येऊन बसत. झाकलेलं ताट तोवर पंचफुलाबाई पुन्हा गरम करून ठेवत. ज्या हातांनी परक्यांचा शेवट बांधला, त्याच हातांनी लेकीची वेणी घालत. घरात कधी आवाज चढला नाही त्यांचा.

त्यांची एक गाठ होती. भलती घट्ट, खांद्यावरून घाटापर्यंत जरा ढळत नसे. पण घाटावर एक टोक ओढलं, की फुलाची पाकळी गळावी तशी सुटे. ते म्हणत, "मानूस जल्मभर बांधलेलाच राह्यते गा. निदान तिथं तरी त्याच्या अंगाशी कापाकापी नको."

त्यांच्याच अंगाशी झाली.

ते गेले त्या दिवशी गणपतरावांनी, भजनातल्या त्यांच्या जुन्या सोबत्यांनी, तिरडी बांधली. चाळीस वर्षं शेजारी बसून पाहिलेलं, पण हात कधी लावला नव्हता. लावायची वेळच मधुकररावांनी येऊ दिली नाही. सुतळीवर भरवसा वाटेना, म्हणून दुकानातून नायलॉनची दोरी आणली आणि गाठीवर गाठ मारली. घाटावर एकही सुटेना. चौघांची नखं गेली. शेवटी कोणीतरी टपरीवरून ब्लेड आणलं आणि सुशीलच्या हातात दिलं. बापाच्या छातीवरची दोरी त्याने कापली. करकर आवाज आला होता. तो आवाज बुटीबोरीच्या कंपनीत मशीन चालू असतानाही त्याला ऐकू येई.

त्याहून जुना एक आवाज होता. आठ वर्षांपूर्वीचा. नवी नोकरी, कंपनीतले दोन मित्र घरी आलेले, आणि अंगणातून बाबांची हाक: "सुशील, ये गा जरा. एक गाठ दाखवतो तुले." मित्रांनी वाकून पाहिलं, बांबू दिसले. सुशील दारापर्यंतही गेला नाही. आतूनच म्हणाला, "मले नाही शिकायचे हे मढ्याचे धंदे!"

मधुकरराव हसले होते. पुन्हा त्यांनी कधी हाक मारली नाही.

आता सुशील पिशवी घेऊन आईपुढे उभा राहिला. पंचफुलाबाई तांदूळ निवडत होत्या.

"आई, बाबा गाठ कशी मारत?"

"मले काय विचारतं? मी बायको होती त्यायची, चेला नाही." त्यांनी मान वर केली नाही. "अन् तुले तं रोज दाखवत. सायकलच्या कॅरियरले दप्तर कोन बांधे तुयं?"

सुशीलला आठवलं. बांधत ते. शाळेच्या फाटकाशी टोक ओढायचा तो. सर्रकन सुटे, तो पळे. मागे वळून एकदा पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

तो गच्चीवर गेला. टाकीच्या सावलीत उरलेल्या कामट्यांची मोळी होती. तिच्यावर एक गाठ होती, बापाच्या हातची. अख्ख्या घरात तेवढी एकच.

मोळी घेऊन तो खाली आला आणि आईसमोर ठेवली. "शिकायची तर सोडावी लागते. सोडली की गेली."

पंचफुलाबाईंनी ताट बाजूला सारलं. सुतळीवरून बोट फिरवलं, जसं त्या झोपलेल्या नातवाच्या कपाळावरून फिरवत. बराच वेळ.

"तिकडं नीलाचा बाप खाली पडून हाय ना," त्या म्हणाल्या. "ओढ."

त्याने अगदी सावकाश ओढलं, डोळे ताणून. काही उपयोग झाला नाही. सुटायलाच बांधलेली ती, सुटली. पण सुतळी जुनी होती. सोडल्यावरही तिच्यात वळणं तशीच राहिली होती, इथे वाकलेली, इथे दुमडलेली. सुशील त्या वळणांवरून बोटं नेऊ लागला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पंचफुलाबाई पुटपुटल्या, जात्यावर बसल्यासारख्या डुलत:

"पहिला फेरा मायचा,
दुसरा फेरा भुयचा,
तिसरा ठेव सैल गड्या,
रस्ता त्याले जायचा."

"हे काय वं, आई?"

"दप्तर बांधताना म्हनत ते. तुले वाटे, तुयासाठीच गाऊन राहिले."

तिसरा फेरा सुशीलने सैल ठेवला, दुमडून आत सारला. गाठ बसली.

कृष्णकांतांच्या अंगणात त्याने एकट्याने अकरा गाठी मारल्या. नीलाने काका कुठे म्हणून विचारलं तेव्हा त्याने खाली पाहूनच सांगितलं. ती तोंडाला पदर लावून तिथेच बसली, आपल्या बापासाठी रडत होती की त्याच्या, कळलं नाही.

घाटावर त्याने एकेक टोक ओढलं. अकराही सुटल्या. इतकं सोपं होतं. पाच मिनिटांचं काम. त्या दुपारी अंगणात पाच मिनिटं गेला असता, तर ब्लेड लागलं नसतं.

गणपतराव जवळ आले. त्यांचे डोळे भरले होते. "वा रे पोरा! बापानं शिकवून ठेवलं होतं म्हना की तुले. मंग त्या दिवशी काहून गप्प राह्यला गा?"

हो म्हणणं सोपं होतं. लोक ऐकत होते.

"नाही काका. त्यायनं बोलावलं होतं एकदा. मी गेलो नाही. वरून नाही ते बोललो."

गणपतराव चितेकडे वळले.

"माहीत हाय मले," ते म्हणाले. "सांगत होता तो."

सुशीलच्या हातातली सुतळी थांबली. "काय सांगत होते?"

"म्हने, पोराचे दोस्त आले होते घरी. मीच येडा, नको त्या टायमाले हाक मारली. चूक माहीच झाली." गणपतरावांनी उपरण्याने तोंड पुसलं. "पुन्हा एखाद्या चांगल्या वक्ती बोलवीन म्हने."

लोक पांगू लागले. सुशील खाली बसला आणि अकरा सुतळ्या एकेक करून गुंडाळू लागला. वळणं मोडू नयेत म्हणून सैल, अगदी सैल.