मालकांचा खांब

आमचे हे जन्मापासून आंधळे, पण तोरा असा की डोळसांनी यांना वाट विचारावी. एका कंपनीत बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. मी नर्स. माझी बदली या शहरात झाली आणि हे नोकरी सोडून माझ्यामागे आले. पाच महिने घरात बसून त्यांचा चेहरा पार उतरला. मला ते बघवत नव्हतं. अंधांसाठी राखीव असलेल्या ऑपरेटरच्या जागेची जाहिरात दिसली, तेव्हा अर्ज मीच भरला.

चाळीस मजली काचेची इमारत. आत पाऊल टाकताच हे थबकले. काठी दोनदा आपटली, कान टवकारले आणि काठीची चक्क घडी घातली.

"अगं, ही तर आमच्या जुन्या ऑफिसचीच इमारत! बारा पावलं, मग उजवीकडे लिफ्ट."

मी हात धरायच्या आत हे सुटले. ताठ मानेने लिफ्टपाशी जाऊन न चाचपडता बटण दाबलं. शेजारी या नव्या कंपनीचे मालक उभे होते. ते टकामका बघत राहिले.

नवव्या मजल्यावर मालक आणि त्यांचे मॅनेजर यांनी मुलाखत घेतली. सोबतीला म्हणून मलाही आत बसू दिलं.

"ही जागा अंध माणसासाठी आहे," मालक म्हणाले. "तुम्हाला तर माझ्यापेक्षा चांगलं दिसतं."

मी सर्टिफिकेट पुढे केलं. त्यांनी ते उलटूनसुद्धा बघितलं नाही.

"साहेब, या इमारतीत मी बावीस वर्षं वावरलोय," हे म्हणाले.

"ही बांधून तीनच वर्षं झालीत!"

"मग कुणीतरी आमची उचलून इथे छापलीय."

मालक लालबुंद झाले. त्यांच्या मागे भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'जगात एकमेव'. मी यांना चिमटा काढला, पण यांच्या जिभेला हाड नाही.

"बाहेर डावीकडे अकरा पावलांवर पाण्याची खोली. दार अर्ध्यावर अडकतं."

"अडकतं खरं," मॅनेजर पुटपुटले आणि मालकांची नजर बघून फाइलमध्ये तोंड घालून बसले.

एक तर हे खोटारडे, नाहीतर इमारत चोरीची. पगार देणारा माणूस यातलं काय निवडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

"चला, दाखवतोच," म्हणत हे उठून बाहेर पडले. आम्ही सगळे मागे. पाच, सहा, सात... आठव्या पावलाला धाड! हे एका संगमरवरी खांबावर आदळले आणि मटकन खाली बसले.

"खांब!" मालक ओरडले. "हा माझा खांब! शोभेसाठी मी स्वतः हट्टाने घालून घेतलाय!"

हे कपाळ चोळत म्हणाले, "हा मात्र तिकडे नाही, साहेब."

"नाहीच! जगात कुठे नाही!" मालकांचा आनंद गगनात मावेना.

मॅनेजरांनी संधी साधली. "आणि साहेब, यांना दिसत नाही हेही कळलं."

"सोमवारपासून या," म्हणत मालकांनी खांबावरून मायेने हात फिरवला.

घरी मी टेंगळावर बर्फ धरला.

"तू मागेच होतीस ना?" यांनी विचारलं. "तुला खांब दिसला नाही?"

चोवीस वर्षांच्या संसारात "जपून" हा शब्द मी दिवसातून पन्नासदा म्हणत आले आहे.

"दिसला की," मी म्हणाले.

यांनी बोटांनी टेंगळाचा अंदाज घेतला. मग म्हणाले, "बर्फ काढ. टेंगूळ सोमवारपर्यंत टिकायला हवं."