कोंडीने इंजिनला पाजलेलं तेल

जव्हारच्या भातगिरणीचं डिझेल इंजिन मी चालवत होतो आणि ते माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, ही घमेंड मला होती. माघातल्या एका सकाळी ती साफ उतरली.

जामसरची कोंडी लेकीच्या लग्नाचं भात सडायला घेऊन आली होती. आदल्या दिवशी निम्मं झालं, निम्मं उरलं, म्हणून ती गिरणीच्या पडवीतच मुक्कामाला राहिली. आता वऱ्हाड संध्याकाळीच येणार होतं. दुपारच्या आत तांदूळ हाती आला नसता तर पाहुणे उपाशी उठले असते.

मी हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प. नळीचा नट सैल केला, तर थेंब नाही. टाकीत डोकावलो तर तळाशी पांढरट, थिजलेला थर!

"तेलात काय कालवलं? कुणाचा उद्योग?" मी ओरडलो.

"मी पाजलां," कोंडी म्हणाली. "मोहटीचां, घरचां. दिसभर आमच्यासाठी राबला तो. बैलाच्या शिंगांना तेल लावतूं, मंग याला उपाशी कसा ठेवू?"

"अगं बाय, हे काय चुलीचं तोंड आहे? पंप तेल दाबतो, सुईएवढ्या भोकातून त्याचा फवारा उडतो, आणि आत दाबून तापलेल्या हवेत तो आपोआप पेटतो. डिझेल पातळ, म्हणून जातं. तुझं मोहाच्या बियांचं तेल जड, तळाशी बसलं अन् थंडीत गोठलं. घालवलंस लग्न!"

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच लाज वाटली. तिचा चेहरा पडला होता. मी तार घेऊन नळी कोचू लागलो. काही उपयोग होईना.

थोड्या वेळाने ती मागे उभी राहिली. "गोठलांच ना? मंग शेकवू. थंडीत आमी शिशी चुलीपाशीच ठेवतूं."

एवढं साधं मला सुचलं नव्हतं! पडवीतल्या चुलीवर पेजेसाठी चढवलेलं आधणच तिने उचललं. ती टाकीच्या बुडाशी आणि नळीवर बेताने ओतत राहिली, मी खाली डबा धरला. थर वितळून भळभळा निघाला. चांगलं डिझेल भरलं, नट सैल ठेवून आतली हवा बुडबुड्यांनी जाऊ दिली, नट आवळला आणि हँडल मारलं.

इंजिन धडधडायला लागलं. दुपारच्या आधीच भात सडून झालं.

"कोंडीबाय, चुकलं माझं. तोंड फार सुटलं," मी म्हणालो.

"राबणारा वरडतोच. पन जेवायला ये."

मोखाड्याहून येऊन मला जव्हारात दोन वर्षं झाली होती. तोवर कुणी जेवायला बोलावलं नव्हतं. संध्याकाळी जामसरला गेलो, तर कोंडीने मला मांडवात बसवलं आणि पहिलं पान माझ्यापुढे मांडलं, नवरदेवाच्या बापाच्याही आधी.