पापण्यांनी उचलायचं मीठ

उरणच्या हेमालीला संशोधन संस्थेत ओळखत नाही असा माणूस नव्हता. 'विज्ञान सर्वांचं' या योजनेतून आलेली, मिठागरवाल्या आगरी घरातली ती पहिलीच संशोधन सहायक. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ती, वेबसाइटवर ती, पाहुण्यांना गुच्छ द्यायलाही तीच. फक्त पाण्यातले क्षार मोजणाऱ्या मोठ्या मशीनवर ती कधी नसे. मीठ काढून झाल्यावर आगरात जे कडू पाणी उरतं, त्यात लिथियम किती हे तिला मोजायचं होतं. नमुने उन्हाळ्यातच बाटल्यांत भरून ठेवले होते. पण मशीनवर तिची पाळी आली की नेमकं कोणीतरी मोठं माणूस येई, आणि संस्था कशी सर्वांना सामावून घेते हे दाखवायला हेमालीला खाली बोलावणं येई. पीएचडीची मुलाखत तोंडावर आली होती आणि हातात आकडा एकही नव्हता.

त्यात तिच्या वडिलांनी, धर्माशेठनी, नाक्यावर फ्लेक्स लावून टाकला होता. 'आगरी समाजाची शान, शास्त्रज्ञ हेमालीताई!' खाली गॉगल लावलेले समस्त चुलतभाऊ. अजून कशात काही नव्हतं, पण फ्लेक्स लागला म्हणजे लागला. त्याखालून जाताना हेमालीला रोज मेल्याहून मेल्यासारखं होई.

ऑगस्टमध्ये योजनेच्या प्रमुख मृणाल मॅडम कॅमेरावाले घेऊन थेट घरी आल्या. त्यांना हेमालीवर फिल्म काढायची होती आणि फिल्मला संघर्ष हवा होता. बाई मनानं चांगली होती, तोच तर त्रास होता. दारात धर्माशेठचे दोन मालवाहू ट्रेलर उभे, बंगल्याला खास शूटिंगसाठी मारलेला गुलाबी रंग, आत कोलंबीच्या कालवणाचा घमघमाट. संघर्ष काही कुठे दिसेना.

"शेजारी एखादं साधं घर नाही का?" मॅडमनी हळूच विचारलं.

धर्माशेठ उखडले. "आमची बाय शास्त्रज्ञ झाली न् मी झोपरी दाखवू? मग यो रंग कशाला मारला?"

"बरं, मिठाचे ढीग तरी?"

"मॅडम, पावसाळ्यात मीठ कुठलं? आगर सगळं पाण्याखाली आहे," हेमाली म्हणाली.

मग कॅमेरावाल्यानं दुकानातून मिठाच्या पिशव्या आणल्या. ठरलं असं, की मीठ अंगणात पसरायचं आणि हेमालीनं नऊवारी नेसून, हातात परीक्षानळी धरून, त्यावरून अनवाणी चालायचं. पहिली पिशवी ओतली मात्र, तिची आई सत्यवती आतून धावत आली.

"आरं, काय करताव? सांडलेला मीठ मेल्यावर पापन्यांनी उचलायला लागतो! आगरात पाय परतो तो कामाचा. यो कसला? माझे दारात मीठ कोनी तुरवायचा नाय!"

कॅमेरावाल्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. मॅडमचे तर डोळे भरून आले.

"मावशी, किती सुंदर! हेच परत एकदा कॅमेऱ्याकडे बघून बोलाल?"

सत्यवती बोलली. दोनदा-तीनदा बोलली. मीठ मात्र तिनं दाणा न् दाणा सुपात भरून आत नेलं. चालण्याचा शॉट हुकला म्हणून मॅडम खट्टू झाल्या, आणि हेमालीला तिथंच सुचलं.

"मॅडम, मला खरं काम करतानाच दाखवा ना. आईचं मीठ आणि माझं मशीन. पण नाटक नको. नमुने खरे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

मॅडमना हे इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी मशीनवर श्रेयसची पाळी होती ती त्यांनी एका फोनवर रद्द केली. श्रेयस हेमालीच्याच बरोबरीचा संशोधक. सकाळी तो मशीनच्या खोलीच्या दारात येऊन म्हणाला, "तुमचं बरं असतं बाबा. सगळं आयतं मिळतं."

हेमालीला ते लागलं. उत्तर जिभेवर आलंही होतं, पण तेवढ्यात पडद्यावर पहिला आकडा उमटला आणि ती श्रेयसला विसरली.

"आवाज येतोय, मशीन बंद करा," कॅमेरावाला म्हणाला.

"माइक बंद करा," हेमाली म्हणाली. त्या दिवशी आनंदाच्या भरात तिला जेवायचंही भान राहिलं नाही.

फिल्म गाजली. तिच्यात बंगला नव्हता, ट्रेलर नव्हते आणि मशीनही नव्हतं. होती ती सत्यवती आणि पापण्या. मुलाखतीत अध्यक्षांनी आधी आईची चौकशी केली. मग हेमालीनं आलेख पुढं सरकवले, तसे ते चष्मा लावून वाचत बसले. तिची निवड झाली.

"बग, फ्लेक्स उतरवायला लागला नाय," धर्माशेठ म्हणाले.

पीएचडीच्या पहिल्याच दिवशी ती मशीनच्या खोलीत पाळी लावायला गेली. पाळ्यांची वही सांभाळणाऱ्या तुळशीरामकाकांनी मान वर केली.

"शूटिंग हाय का?"

"नाही काका, काम आहे."

"मग दिवाळीनंतर बघू."

हेमाली तणतणत दारापर्यंत आली. तिथंच तिनं फोन काढला.

"मृणाल मॅडम, आई मिठाबद्दल आणखी काहीतरी बोललीये. कॅमेरा कधी आणताय?"