सव्वीस इंचांचं चाक

टण्ण्.

दुपारच्या निजलेल्या घरात एकच आवाज झाला आणि तांदूळ निवडणारी वासुकीची बोटं सुपातच थबकली. पुढच्या पडवीत, दुकानात, सासरे नव्या चाकाचे आरे छेडत होते. पुन्हा टण्ण्. तिसऱ्यालाही तोच सूर. चौथा मात्र घसरला, ओल्या पायरीवरून पाय जावा तसा. आता ते थांबतील, चावीनं तो आरा आवळतील, म्हणून ती श्वास धरून राहिली. तुळजाराम थांबले नाहीत. पाचवा, सहावा, असे छत्तीसही आरे छेडून झाले. त्यांतले सात बेसूर होते, आणि तुळजारामांनी समाधानानं मान हलवली.

वासुकीनं सूप खाली ठेवलं.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तुळजारामांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. डुलणारं चाक सरळ करावं तर त्यांनीच, असं पार पापनाशमपर्यंतचे लोक म्हणत. बाकीचे कारागीर रिमवर डोळे लावून बसत. हे आरे छेडून ऐकत. एका बाजूचे सगळे एका सुरात बोलले की चाक सरळ धावणारच. वासुकी लग्न होऊन तिरुवैयारुहून आली तेव्हा, गाणं शिकलेली सून म्हणून, त्यांनी तिला दाराशी बसवून हे कौतुकानं दाखवलं होतं. चावी पाव फेरा, फार तर अर्धा. त्याहून जास्त फिरवतो तो अडाणी.

पण ती सगळी चाकं अठ्ठावीस इंचांची. आता टीव्हीवर रंगीत माउंटन बाइक उड्या मारत होती आणि गावातल्या प्रत्येक पोराला तीच हवी होती. चाक सव्वीस इंचांचं, टायर मनगटाएवढा जाड. चिदंबरला, वासुकीच्या नवऱ्याला, तशा सहा सायकली दुकानात आणायच्या होत्या. सकाळी कॉफी पिता पिता पुन्हा तोच विषय निघाला होता.

"अठ्ठावीसावर अख्खं तंजावूर चाललं. दोन इंच कापून कसलं शहाणपण आलं?"

"अप्पा, बांधावरून जाते ती, वाळूतून जाते."

"माउंटन म्हणजे डोंगर ना रे? इथे डोंगर कुठला? मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवणार?"

चिदंबर हसला, पण त्याचा पेला तसाच राहिला. "नको तर नको म्हणा. मद्रासला माझ्या दोस्तानं, कल्याणरामानं, माझ्यासाठी नोकरीची जागा धरून ठेवलीय. महिन्यातून एकदा येत जाईन."

वासुकीनं कॉफीची धार मध्येच थांबवली.

"एक चाक बांधून बघतो," तुळजाराम म्हणाले होते. "माझ्या कानास पटलं तर आण सहाही. नाही तर जा तू मद्रासला."

आणि आता चिदंबर आतून आला, त्यानं चाक फिरवलं. रिम डुलत डुलत ब्रेकच्या रबराला घासून गेली.

"घासतंय, अप्पा."

"सूर बरोबर आहेत. मग मापच खोटं. सांग नको म्हणून."

चिदंबर आत गेला. थोड्या वेळानं माळ्यावरून बॅग ओढल्याचा आवाज आला, मग तो सायकलींच्या डीलरला नकाराचा निरोप द्यायला चपला घालून निघून गेला.

"मामंजी," वासुकीनं पाठीमागून हाक मारली. तुळजाराम वळले नाहीत. तिनं पुन्हा, मोठ्यानं मारली. मग ती वळसा घालून समोर उभी राहिली, तसे ते लगेच म्हणाले, "काय ग? मज आता काही नको. पडतो जरा."

किती वर्षं झाली असतील? ते ओठ बघून बोलत होते आणि घरातले त्यांना मानी समजत होते. अठ्ठावीसाचं चाक त्यांच्या बोटांना पाठ होतं, कानाची गरजच नव्हती. या आखूड आऱ्यांनी तेवढं उघडं पाडलं.

तुळजाराम बाकावर कुशीवर पडले, दंड कपाळावर घेऊन. खाली चटईवर पाच वर्षांची जननी अंगठा चोखत झोपली होती. वासुकी चाकाशी बसली. आवाजाची भीती आता नव्हती. तिनं चौथा आरा छेडला, चाकाशी पडलेली नवी बारीक चावी लावून पाव फेरा फिरवली, पुन्हा छेडला. सूर वर आला. कौलातल्या काचेतून उन्हाची एक चकती जमिनीवर पडली होती आणि आऱ्यांच्या सावल्या तिच्यातून संथ फिरत होत्या. अकरावा. सतरावा. कावेरीच्या पायऱ्यांवर तंबोरा मांडीवर घेऊन बसायची तेव्हाची ती, कुणाची सून नाही, कुणाची आई नाही, अशी कुठूनशी येऊन शेजारी टेकली. दोघींनी मिळून ऐकलं. शेवटचा आरा जुळला तेव्हा चाक फिरत होतं की थांबलेलं, ते पटकन कळेना, इतकं ते स्थिर दिसत होतं.

ती सूप घेऊन बसली तेवढ्यात तुळजाराम उठले. त्यांनी अंगठा आऱ्यांवरून हळूच ओढत नेला, चाक फिरवलं, आणि ते थांबेपर्यंत बघत राहिले.

चिदंबर परतला. "डीलर दुकानात नव्हता. संध्याकाळी पुन्हा जाऊन सांगतो."

"घे," तुळजाराम म्हणाले.

"काय?"

"चाक बसलं. सहाही आण."

चिदंबरनं चाक फिरवलं, पुन्हा फिरवलं. "बघितलंस, वासुकी? मज वाटलं, अप्पांचा कान गेला! उगाच बॅग काढायला लावली." हसतच तो ती परत माळ्यावर टाकायला आत गेला.

तुळजारामांनी चाकाशी पडलेली ती नवी चावी उचलून सुपात, तांदळावर ठेवली. "फार बारीक आहे. माझ्या बोटांत बसत नाही. तुजपाशी असू दे."

"हो, मामंजी," ती त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली.

ते हातपाय धुवायला मागे गेले. चटईवरून जननी उठून आली आणि आईच्या मांडीत शिरली. तिचा गाल चटईच्या वळांनी रेखलेला होता.

"अम्मा, तू चाक पिळत होतीस ना, तेव्हा आजा डोळे उघडे ठेवून निजला होता. रडत पण होता. असं निजता येतं?"