दोष म्हणे पाळण्याचा

मी पाळणा बोलतोय. बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मोडक्या सायकली आणि रंगाचे रिकामे डबे यांच्यामध्ये मला कालपर्यंत उलटा टाकून दिला होता. मी म्हणे अपशकुनी. माझ्यामुळे म्हणे या घरचं बाळ गेलं. वा, छान! तीन पिढ्यांची पोरं जोजवली, त्याचं हे बक्षीस. लाकडाची जात म्हणून आजवर सगळं मुकाट ऐकून घेतलं. आज मात्र बोलणार आहे, आणि आवाज चढला तर चढू दे.

माझा जन्म कसबा पेठेतला, करीम मिस्त्रींच्या दुकानातला. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. अस्सल सागवान, कातीव दांडे, वर अडकवायला पितळी कड्या. करीम मिस्त्री माझ्या एकेका दांड्यावरून मलमलीचं फडकं फिरवायचे. फडक्याचा एक धागा जरी अडकला तरी पुन्हा घासायला लावायचे. "बाळाची कातडी लागणार आहे याला, टेबलाचा पाय नाही हा," असं कारागिरांना सुनवायचे. असा माणूस मला घडवत होता. मी बाळाच्या जिवावर उठेन का हो?

श्रीधरपंत नावाच्या कारकुनांनी मला विकत घेतलं, मुलगा झाला म्हणून. तो मुलगा म्हणजे माधव. त्याच्यानंतर माझ्यात झोपली त्याची बहीण, मथुरा. चांगली गुटगुटीत पोर. तिला डांग्या खोकला झाला. तुम्ही तो ऐकला नसेल, म्हणून तर तुम्हाला भीती वाटत नाही. उबळ आली की पोर लालबुंद व्हायची, मग ओठ निळे पडायचे, आणि शेवटी श्वास आत ओढताना घशातून असा आवाज निघायचा की बाहेरच्या गल्लीतली माणसं थबकायची. छोटा माधव माझा दांडा घट्ट धरून बघत उभा असायचा. मथुरा गेली. मी तेव्हा रागावलो नाही. कुणावर रागावणार? आमच्या आळीत त्या खोकल्यावरच्या लशीचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. त्या माणसांच्या हातात काही नव्हतंच.

पुढे माधवचे माधवराव झाले, त्यांचं मंदाकिनीबाईंशी लग्न झालं. आनंदी आणि अनंत ही त्यांची मुलंही माझ्यातच वाढली. तोवर घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची त्रिगुणी लस आली होती. दोघांना वेळच्या वेळी टोचलं, पोरं ठणठणीत राहिली. झालं! खोकला दिसेनासा झाला आणि लोकांना वाटलं, तो मेलाच.

पेठेतलं घर सोडून ही मंडळी बिबवेवाडीत फ्लॅटमध्ये आली, तेव्हा मी माळ्यावर गेलो. मला खाली काढलं ते अनंतच्या बायकोला, हेमाला, दिवस गेले तेव्हा. हेमा हडपसरला एका कंपनीत कामाला. सातवा महिना लागल्यावर मला पॉलिश करून हॉलच्या कोपऱ्यात ठेवला, वर चादर घातली. रिकामा पाळणा कुणी चुकून हलवू नये म्हणून. बघा, केवढी काळजी! पुढची सगळी बोलणी मी त्या चादरीखालून ऐकली.

हेमा त्या दिवशी डॉक्टर रशीदांकडून तपासून आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "आई, डांग्या खोकल्याची लस घ्यायचीय. डॉक्टर म्हणाल्या, याच दिवसांत घेतली की बाळाला पोटातच माझ्याकडून संरक्षण मिळतं. बाळाची स्वतःची लस जन्मल्यावर दीड महिन्याने. तोवर त्याच्यापाशी दुसरं काहीच नसतं."

"तुझं ते दंडातलं इंजेक्शन झालंय की," मंदाकिनीबाई म्हणाल्या. बाई निवृत्त शिक्षिका. जन्मभर वर्गात दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यामुळे स्वतःची कधी चूक होते हे ठाऊकच नाही.

"ते धनुर्वाताचं, आई. त्यात डांग्या खोकल्याची लस नव्हती."

"गरोदर बाईला एक इंजेक्शन असतं. मीही तेच घेतलं होतं. दोन मुलं झाली मला, आणि दोन्ही ठणठणीत आहेत. आणि डांग्या खोकला आता असतो कुठे? आपण काय संग्रहालयात राहतो?"

हेमाने नवऱ्याकडे पाहिलं. अनंतने मोबाईलकडे पाहिलं. "डिलिव्हरीनंतर बघू ना," तो म्हणाला. बघू! या घरात बघू म्हणजे नाही, हे मला त्याच्या जन्माआधीपासून माहीत आहे.

आणि माधवराव? समोरच खुर्चीत होते. ज्यांनी बहिणीला माझ्यात तडफडताना पाहिलं ते माधवराव. एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. "मी पाहिलाय तो खोकला, पोरीला लस घेऊ दे," एवढंच. पण पेपरात तोंड खुपसून बसले. सून आणि सासूच्या मध्ये कोण पडणार? मला वाचा असती तर तेव्हा मी ओरडलो असतो.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर रशीदांनी पुन्हा बजावलं. राहिलीय ती लस हेमाने आता तरी घ्यावी, बाळाला उचलून घेणाऱ्या सगळ्यांनी घ्यावी, आणि खोकणाऱ्या माणसाला बाळाजवळ फिरकू देऊ नये. मंदाकिनीबाई घरी येऊन म्हणाल्या, "बारसं होऊ दे, मग बघू." पुन्हा तेच बघू.

बारशाला मला झेंडूच्या माळा बांधल्या. घुगऱ्या झाल्या, ओटी झाली. नाव ठेवायला आत्या हवी, म्हणून आनंदी आली. दारातून आत आली तीच खोकत. खोकून खोकून तिचे डोळे पाणावले होते. "पंधरा-वीस दिवस झाले, जातच नाही. धुळीचा आहे. ताप-बिप काही नाही," म्हणाली. धुळीचा! पुण्यात कुणालाही खोकला झाला की तो धुळीचाच असतो. रस्ते खोदणाऱ्यांवर ढकललं की डॉक्टरकडे जायला नको.

हेमा बाळंतीण, अंगात त्राण नाही. तरी ती हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका, पण नाव जरा लांबूनच सांगता का?"

आनंदी बिचारी लगेच मागे सरकली. पण मंदाकिनीबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "लांबून म्हणजे? आत्याने नाव कानात सांगायचं नाही तर काय व्हॉट्सॲपवर पाठवायचं?" सगळ्या हसल्या. 

मग आनंदी माझ्यावर वाकली. तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, मुक्ता हे नाव सांगितलं, कुर्रर्र केलं. चालीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि त्या धपाट्यांनी तिला जी उबळ आली ती सगळी माझ्यात. मुक्ताच्या तोंडावर. मी ती अंगावर झेललीय, तुम्ही मला काय सांगता. बायका म्हणाल्या, जीवो जीवो. मग पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात मुक्ताचं नाक वाहू लागलं. मंदाकिनीबाईंनी ओव्याची पुरचुंडी शेकली. एवढ्या लहान जिवाला मथुरेसारखं खोकताही येत नव्हतं. ती नुसती थांबायची. श्वासच थांबायचा. एका दुपारी ती माझ्यात निळी पडली आणि हेमा तिला उचलून अनवाणी रिक्षाकडे धावली. त्यानंतर मुक्ता माझ्यात कधी झोपली नाही.

हॉस्पिटलात त्यांनी शर्थ केली. तपासणीत डांग्या खोकलाच निघाला. आनंदीलाही तपासलं, तिलाही तोच. अनंत घरी फोनवर कुणाला तरी सांगत होता, "डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणी खोकत होतं का, आईने लस घेतली होती का. पहिल्याला हो म्हणालो, दुसऱ्याला नाही." मुक्ता गेली ते मला रिकाम्या हातांनी परतलेल्या माणसांवरून कळलं.

आता पुढचं ऐका, कारण माझ्या रागाचं मूळ इथे आहे. भेटायला आलेल्या नातेवाइकांत माधवरावांना वाचा फुटली. म्हणाले, "माझी बहीणही याच पाळण्यात गेली होती. हीसुद्धा तशीच गेली. पाळण्यातच दोष आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मंदाकिनीबाईंना तर सुटका झाल्यासारखं वाटलं. अहो माधवराव, दोघींना खोकला एकच झाला होता! जन्मभर बहिणीची आठवण मनात ठेवलीत, आणि ती काढलीत कशासाठी, तर लाकडावर आळ घ्यायला. तीन-चार महिने आधी हेच तोंड उघडलं असतंत तर मुक्ता आज माझा दांडा धरून उभी राहिली असती. दुसऱ्याच दिवशी मला इथे आणून उलटा टाकला.

काल हेमा खाली आली. तिला पुन्हा सातवा महिना आहे. बरोबर आनंदी होती. दोघींनी डबे बाजूला सारून मला सुलटा केला. आनंदी ओढणीने माझी धूळ पुसत रडत होती. मला तिचा राग नाही आला. तिला माहीतच नव्हतं, आणि ज्यांना सांगितलं होतं ते हसले होते.

मागोमाग मंदाकिनीबाई आल्या. "हेमा, अगं तो नको. आपण नवीन आणू. चांगला कोरीव नक्षीचा आणू."

"आई, पाळणा हाच राहील," हेमा म्हणाली. "मी सकाळी लस घेऊन आलेय. अनंतनेही घेतली, ताईंनी घेतली, बाबांनी घेतली. तुमची राहिलीय. नाही घेतलीत तर बाळाला उचलायचं नाही."

"मी आजी आहे त्याची," मंदाकिनीबाईंचा आवाज चढला.

"मुक्ताचीही होतात."

 मंदाकिनीबाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. मग खालच्या मानेनेच त्यांनी विचारलं, "रशीदा डॉक्टर संध्याकाळी किती वाजता येतात?"

हे एवढं विचारायला या बाईंना एक नात जावी लागली. तुमच्या घरात कुणाला दिवस गेले असतील, कुणी ओली बाळंतीण असेल, तर तुम्ही हे आजच विचारा. धनुर्वाताचं झालं म्हणून गप्प बसू नका, डांग्या खोकल्याची लस झाली का ते नाव घेऊन विचारा. आणि 'बघू' म्हणणाऱ्याला माझ्याकडे पाठवा, पार्किंगमध्ये.