एका घरात एकच नोकरी

देशावर संकट आले असताना माणसाने स्वतःच्या सुखाचा विचार बाजूला ठेवावा, असे सरकारचे मत होते आणि परिशिष्टरावांचेही होते. सरकारने ते छापून भिंतीवर चिकटवले होते. परिशिष्टराव ते मधल्या सुट्टीत, मागच्या नळाजवळच्या बाकावर बसून टायपिस्टबाईंना सांगत. बाई शांतपणे ऐकून घेत आणि डब्याचे झाकण लावत म्हणत, "ते ठीक आहे. पण आपण बघितलेल्या खोल्यांच्या घरमालकिणीला काय सांगायचं? ती रोज विचारते म्हणालात ना, की मंडळी कधी येणार?"

परिशिष्टराव हे अर्थात खरे नाव नव्हे. कचेरीने ते त्यांना ठेवले होते. बेकारांना मदत देण्याचा कायदा त्यांना तोंडपाठ होता. कलमे, पोटकलमे आणि ज्यांच्या वाटेला सहसा कोणी जात नाही ती शेवटची परिशिष्टेसुद्धा. खिडकीशी माणूस येऊन उभा राहिला की त्याच्या तोंडून दोन वाक्ये निघायच्या आत ते सांगत, तू कशात बसतोस. कशातच न बसणारे बरेच असत. त्यांना ते खुर्चीवर बसायला सांगत.

मदत कचेरी एका बुडालेल्या बँकेच्या इमारतीत होती. ज्या खिडक्यांतून लोकांनी आयुष्यभर पैसे आत सरकवले, त्याच खिडक्यांसमोर ते आता मदतीसाठी उभे राहत. त्यामुळे रांग कुठे लावायची हे कोणाला सांगावे लागत नसे.

काम मात्र खरे होते आणि पुष्कळ होते. सरकारने रस्ते काढले, कालवे खणले, वाद्यवृंदातल्या एका व्हायोलिनवाल्याला खडी फोडायला लावले आणि त्याची बोटे गेल्यावर त्याला खडी मोजायला लावले. आठ तासांचा कायदा झाला. त्यामुळे ज्यांना काम होते त्यांचे तास कमी झाले आणि ज्यांना काम नव्हते त्यांनाही आठ तासांपेक्षा जास्त करावे लागणार नाही याची हमी मिळाली. आठवड्याची सुट्टी सक्तीची झाली. परिशिष्टरावांचे मेहुणे, ज्यांना ते दाजी म्हणत, पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत. छापखाना बंद पडल्यावर ते कालव्यावर माती वाहू लागले. संध्याकाळी ते मोरीत पाय धुता धुता हिशेब देत.

"तुमच्या सरकारने आज माझ्याकडून एक टेकडी इकडची तिकडे करून घेतली."

"मग उद्या?" परिशिष्टराव विचारत.

"उद्या बघू. तिला तिथं करमतंय का ते."

दाजींच्या मजुरीत घर भागत नव्हते. बहीण ताई, दाजी आणि त्यांच्या दोन मुली असे सगळे परिशिष्टरावांच्याच घरी राहायला आले होते, आणि ते घर परिशिष्टरावांच्या पगारावर उभे होते. टायपिस्टबाईंच्या घरी अंथरुणाला खिळलेले वडील आणि शिकणारा धाकटा भाऊ होता, आणि ते घर बाईंच्या पगारावर उभे होते. लग्न करायचे दोघांनी ठरवले ते असे, की दोन्ही पगार चालू राहतील आणि दोन्ही घरे तरतील. शिंप्याच्या दुकानावर त्यांनी दोन खोल्या पाहून ठेवल्या. स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडत होती. परिशिष्टरावांनी वितीने मोजून कपाटाची जागा नक्की केली आणि भिंतीवर पेन्सिलने खूण केली. बाई म्हणाल्या, "कपाट आहे कुठे?" ते म्हणाले, "जागा तर झाली."

मग नियम आला.

साहेबांनी सगळ्यांना जिन्याखाली बोलावून तो सांगितला. लाखो घरांत एकही पगार येत नसताना काही घरांत दोन-दोन सरकारी पगार जावेत हे न्यायाला धरून नाही, म्हणून नवरा-बायको दोघे सरकारी नोकरीत असतील तर एकाने घरी बसावे. लोकांनी माना डोलावल्या. कोणाच्या बायकोला नोकरी नव्हती आणि बऱ्याच जणांना बायकोही नव्हती. परिशिष्टरावांनीही मान डोलावली. त्यांना तो नियम मनापासून पटला होता. फक्त त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर पेन्सिलची ती खूण येत होती.

"हा नियम आपल्याला लागतो का पण?" बाईंनी दुसऱ्या दिवशी बाकावर विचारले. "नीट विचारा ना साहेबांना."

"विचारलं," परिशिष्टराव म्हणाले.

त्यांनी विचारले नव्हते. विचारायचे म्हणजे आधी सांगायचे, आणि सांगितले की कचेरीभर होणार. शिवाय ज्याला सगळी कचेरी नियम विचारायला येते त्याने साहेबांपुढे जाऊन नियम विचारायचा, हे बरे दिसले नसते. ही दोन कारणे त्यांनी स्वतःला दिली. तिसरे एक होते; ते त्यांनी स्वतःलाही दिले नाही.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मंदी संपली की करू. किती दिवस राहील?"

मंदी पाहुण्यासारखी आली होती. ती जावयासारखी राहिली. दर काही महिन्यांनी मंत्री भाषणात सांगत, की आता वळण दिसू लागले आहे. वळण दिसत असे आणि रस्ता तसाच पुढे जात असे. शिंप्याच्या वरच्या खोल्या एका सायकलवाल्याने घेतल्या. बाई आणि परिशिष्टराव रोज मधल्या सुट्टीत बाकावर भेटत, एकमेकांना "तुम्ही" म्हणत आणि घरी जाताना चौकापर्यंत बरोबर चालत. चौकातून बाई डावीकडे जात.

ताईचा मात्र धीर सुटला. एकदा भात वाढता वाढता ती म्हणाली, "मंदी संपायची वाट बघणारा तू एकटाच शहाणा. बाकीच्यांना मंदीत पोरं झाली, ती शाळेत जायला लागली."

"नियम आहे, ताई."

"नियम तुझ्या कचेरीचा. ती पोरगी काय कचेरीची आहे?"

"तिची नोकरी जाईल."

"तुझी जाऊ दे मग," दाजी मध्येच म्हणाले. "ये माझ्याबरोबर. टेकड्या पुष्कळ आहेत."

सगळे हसले. परिशिष्टरावही हसले आणि भात मागून घेतला.

एकदा बाईंनीच विषय काढला. त्यांच्या केसांत कानाजवळ पांढरी रेघ आली होती आणि ती त्या लपवत नव्हत्या. "एकदा परत विचारून बघा ना साहेबांना," त्या म्हणाल्या. "नियम बदलतातही. तुम्हीच तर सांगता खिडकीत लोकांना."

"आजच विचारतो."

ते खरोखर वर गेले. साहेबांच्या दाराशी उभे राहिले, सदऱ्याची बटणे तपासली, घसा साफ केला. साहेबांनी मान वर केली. "काय हो?"

"टाचण्या संपल्यात," परिशिष्टराव म्हणाले.

साहेबांनी खणातून टाचण्यांचा डबा काढून दिला. जिना उतरताना परिशिष्टरावांना हायसे वाटले, आणि आपल्याला हायसे वाटते आहे याचे थोडे नवलही वाटले. दोन खोल्या, एक कपाट, समोर रोज एक माणूस, आणि ते माणूस विचारणार, की काय ठरवलं. खिडकीतल्या माणसाला निदान कलम तरी सांगता येते. खाली आल्यावर बाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. नाही. बाईंनी यंत्रात नवा कागद घातला.

त्यानंतर कचेरीत एक पोरगा लागला. त्याला सगळे "नवा" म्हणत. पुढे त्याच्यानंतर चार जण लागले तरी तो नवाच राहिला. टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीकडे तो दिवसभर उगाच नंबर मागत असे. एका दुपारी तो परिशिष्टरावांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काका, परवा जरा लवकर जाईन. लग्न आहे."

"कोणाचं?"

"माझंच. टेलिफोनशी."

परिशिष्टरावांनी टाक खाली ठेवला. हा पोरगा त्यांना आवडत असे. आपण सावध केले नाही तर याचा संसार पहिल्याच महिन्यात एका पगारावर येईल, याची त्यांना खरी काळजी वाटली. ते उठले, त्याला खांद्याला धरून बाजूला घेऊन गेले. बाजूला म्हणजे टाइपरायटरजवळ, कारण तिथे खडखडाटात बोललेले कोणाला ऐकू जात नसे.

"बाळा, तू चांगला मुलगा आहेस. पण नियम माहीत आहे ना? एका घरात एकच नोकरी."

"तो होय? तो आपल्याला नाही लागत, काका."

"लागतो."

"नाही हो. तो कायमच्या लोकांना. आपण सगळे तात्पुरते. मी विचारलं साहेबांना."

"कधी?"

"काल. जिन्यात. ते खाली येत होते, मी वर चाललो होतो."

"जिन्यात," परिशिष्टराव म्हणाले. मग म्हणाले, "आता बदलला असेल नियम."

"नाही, मी तेही विचारलं. म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे. म्हणाले, अरे कचेरीच तात्पुरती, तर माणसं कायमची कुठून आणू?" नवा हसला. "या ना तुम्ही लग्नाला. फार कोणी नाही, आपलीच माणसं."

तेव्हा परिशिष्टरावांच्या लक्षात आले, की खडखडाट थांबला आहे. बाई यंत्राकडे बघत होत्या. बोटे जिथे होती तिथेच होती. मग पुन्हा खडखडाट सुरू झाला आणि सुट्टीपर्यंत चालला.

बाकावर बाई आधी येऊन बसल्या होत्या. डबा उघडलेला नव्हता.

"तुम्ही विचारलं होतंत," त्या म्हणाल्या.

साहेबांनी चुकीचे सांगितले असेल, असे म्हणता आले असते. परिशिष्टरावांनी तसे म्हणायला तोंड उघडले. बाईंनी वाट पाहिली.

"नाही विचारलं," ते म्हणाले.

"दोन्ही वेळा?"

"दुसऱ्या वेळी टाचण्या मागितल्या."

बाई थोड्या हसल्या, आणि ते हसू नसते आले तर बरे झाले असते, असे परिशिष्टरावांना वाटले.

"का नाही विचारलंत? नोकरीची भीती?"

इथे हो म्हणायचे होते. दोन घरे, आजारी वडील, ताईच्या मुली, सगळे पुरावे हाताशी होते. पण समोर बसलेल्या बाईला खोटे सांगण्याची त्यांची दोन्ही वाक्ये आधीच वापरून झाली होती. बाईंना कळले. नळ गळत होता. बाईंनी उठून तो घट्ट केला आणि परत येऊन बसल्या.

"मी त्या नियमावर रागावून बसले होते," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं. सकाळी उठलं की पहिला तोच आठवायचा. त्याच्यावर खूप बोलले आहे मी मनातल्या मनात. आणि त्या बिचाऱ्यानं काही केलंच नव्हतं. आता हा राग ठेवू कुठे, ते सांगा."

"अजून वेळ गेलेली नाही," परिशिष्टराव म्हणाले.

"हे तुम्ही मुदत संपून गेलेल्या लोकांना म्हणता. खिडकीत. मी रोज ऐकते."

हेही खरे होते. ते तसे म्हणत आणि त्या लोकांना खुर्चीवर बसायला सांगत.

"धाकट्याला नोकरी लागली आहे," बाई म्हणाल्या. "बाबांना घेऊन तिकडेच ये म्हणतो. मोठं घर आहे म्हणे. मी नाही म्हणून कळवणार होते."

"कधी?"

"आज. सुट्टीनंतर." त्यांनी डबा न उघडताच पिशवीत ठेवला. "आता राहू दे."

परिशिष्टराव पुष्कळ काही बोलू शकले असते. थांबा, असे म्हणायला एकच शब्द लागतो आणि त्याला कोणतेही कलम आड येत नाही. पण ते बाकावर बसून राहिले आणि बाई दारातून आत गेल्या. त्यांची चाल नेहमीचीच होती.

संध्याकाळी साहेब जिना उतरत असताना परिशिष्टराव वर चालले होते. ते मुद्दाम वाट बघत थांबले होते.

"साहेब, तो एका घरात एक नोकरीचा नियम. आपल्याला लागतो का?"

"नाही हो. तुम्हाला माहीत नाही?" साहेबांना खरेच आश्चर्य वाटले. "का बरं? तुम्हाला कशाला हवं होतं?"

"सहज," परिशिष्टराव म्हणाले.

इतकेच होते. त्याला दोन पायऱ्यांचाही वेळ लागला नाही. साहेब छत्री शोधत पुढे गेले. आपण वर कामासाठीच निघालो होतो हे दाखवायला परिशिष्टराव साहेबांच्या खोलीपर्यंत गेले, तिथे थोडा वेळ उभे राहिले आणि खाली आले.

बाईंनी महिना पुरा केला. शेवटच्या दिवशी त्यांनी यंत्रावर आच्छादन घातले, सगळ्यांचा निरोप घेतला, परिशिष्टरावांचाही घेतला, तितकाच. चौकापर्यंत ते बरोबर चालले. "ताईंना सांगा," बाई म्हणाल्या आणि डावीकडे वळल्या. ताईला काय सांगायचे ते त्या बोलल्या नाहीत. ताईने विचारलेही नाही. त्या रात्री तिने फक्त वाढले.

पुढे नव्याचा संसार दोन पगारांवर छान चालला. परिशिष्टराव लग्नाला गेले होते. त्यांनी दोघांना भिंतीवरचे घड्याळ दिले.

बाई गेल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यात मंत्र्यांनी मंदी संपल्याचे जाहीर केले आणि मदत कचेरी बंद झाली. सगळेच तात्पुरते असल्यामुळे कोणालाही नोटीस द्यावी लागली नाही.